बसून बसून आलेली झीज

...आणि डॉक्टर म्हणतात, बसा! वा रे वा! मान जरा खाली घ्या साहेब... हां, अश्शी. बसा म्हणे! मी पोटऱ्या उघड्या करून दाखवल्या, त्यांनी त्या निळ्या शिरा बघितल्या, ही वर आलेली, ही वळलेली, ही गाठ मारून बसलेली, नकाशात नद्या दाखवतात ना, तशा... आणि चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "काम काय करता?" म्हटलं, लोकांचे केस कापतो. "उभ्यानं?" आता काय बोलायचं माणसानं! म्हटलं, नाही हो, गिऱ्हाईक उभं करतो आणि मी त्याच्याभोवती सायकल फिरवतो! हसले नाहीत. गोळी नाही, मलम नाही, कागदावर लिहून दिलं, 'रोज संध्याकाळी दोन तास बसणे.' खाली सही, शिक्का. अहो, हा कागद घेऊन मी कुठल्या दुकानात जाऊ? बसायचं कुठे, सांगा!

हसताय. हसा, हसा. तुम्ही बसलेले आहात. बसलेल्या माणसाला हसू लवकर येतं, सत्तावीस वर्षं बघतोय.

तुम्हाला वाटेल, याला घर नसेल. घर आहे. तीन खोल्या, वर गॅलरी. मग म्हणाल, खुर्च्या नसतील. खुर्च्या? तुम्हाला सांगतो, आजच्या घडीला आमच्या घरात बारा खुर्च्या आहेत! नक्षीच्या, वेताच्या, वाघाच्या पंजाच्या पायांच्या. एक झुलती. एक अशी, की दोघांनी बसायचं पण एकानं इकडे तोंड करून आणि दुसऱ्यानं तिकडे, बहुतेक भांडलेल्या नवराबायकोसाठी केलेली. एक झाकणवाली आहे, तिचं झाकण कशासाठी ते विचारू नका, माझ्या हातात वस्तरा आहे. खुर्च्या बारा, माणसं चार. आणि चारही माणसं उभी!

कारण, आमचे सासरे.

नाही, नाही, वाईट नाही बोलायचं मला. सासरे म्हणजे देवमाणूस. म्हणजे देवासारखंच, ते मध्ये आणि आपण समोर हात जोडून उभे. बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. छत्तीस वर्षं एकच काम. पट्ट्यावरून बाटली आली की उचलायची, उजेडात धरायची, उलटी करून बूड बघायचं, आणि काचेत बुडबुडा दिसला रे दिसला की नापास! फेक फुटक्यात! आता असं छत्तीस वर्षं केल्यावर ती सवय काय कारखान्याच्या फाटकाशी सोडून घरी येते होय? मी लग्नाआधी त्यांना भेटायला गेलो, नवा शर्ट, भांग पाडलेला, तर मला म्हणाले, "इकडे या, खिडकीपाशी." उभं केलं उन्हात. बघतायत. एक मिनिट, दोन मिनिटं. "वळा." वळलो. मग आत तोंड करून सासूबाईंना म्हणाले, "बुडबुडा आहे. पण चालेल."

या 'पण चालेल'वर माझा संसार उभा आहे, साहेब.

कल्ले किती ठेवू? ...बरं.

तर पुढे ते निवृत्त झाले, मागोमाग सासूबाई गेल्या आणि म्हातारा एकटा पडला. एकट्या माणसाला काहीतरी सोबत लागते. कुणी मांजर पाळतं, कुणी पेपरात पत्रं लिहितं, यांनी जुन्या बाजाराची वाट धरली. चिनीमातीच्या फुलदाण्या, काचेची भांडी, मोडकं लाकूडसामान... आणि गंमत बघा नशिबाची! छत्तीस वर्षं ज्या बुडबुड्यापायी बाटल्या फोडल्या, त्याच बुडबुड्यावर आता जीव! "जावईबापू, हा पेला बघा उजेडात. दिसला बुडबुडा? तोंडानं फुंकलेली काच आहे ही! मशीनच्या काचेत नसतो हा!" म्हटलं, बाबा, माझ्यातला दिसला तेव्हा नाही एवढा आनंद झाला तुम्हाला! तर म्हणाले, "तुम्ही जुने नव्हता तेव्हा."

सहा वर्षांपूर्वी आमची ही मला म्हणाली, "अहो, बाबांना किती दिवस एकटं ठेवायचं?" म्हटलं, अगं, आणूया की! म्हातारा माणूस, एक पिशवी, एक काठी, कोपऱ्यात एक खाट. मला वाटलं एवढंच येईल. आला ट्रक! पेंढा भरलेली एकोणचाळीस खोकी आणि वर पालथ्या घातलेल्या खुर्च्या, पाय आभाळाकडे, एखाद्या गोठ्यावर वीज पडावी तशा. संध्याकाळी आमचा सोफा खाली रस्त्यावर आणि त्यांची ती भांडलेल्या नवराबायकोची खुर्ची वर! मी दमून दुकानातून आलो, आणि हजार वेळा केलंय तसं डोळे मिटून बसायला गेलो...

"उठाऽऽऽ!"

अहो, बूड टेकलंही नव्हतं! अधांतरी होतो! तसाच वर आलो, पाठीत जी उसण भरली ती अजून थंडीत आठवण काढते. दुसऱ्या दिवशी बघतो तर सगळ्या खुर्च्यांना या हातापासून त्या हातापर्यंत लाल फिती बांधलेल्या. म्हणजे कुणी विसरून बसू नये. मी हिला म्हटलं, अगं, हे घर आहे का उद्घाटनाचा कार्यक्रम? ही म्हणते, "हळू बोला, बाबा ऐकतील. त्यांना आता दुसरं काय राहिलंय?" आणि ती स्वतः ओट्याशी उभी राहून जेवतेय! खिडकीच्या कट्ट्याला टेकून आमची बारा वर्षांची मुलगी अभ्यास करतेय! उभ्यानं भागाकार! मला म्हणते, "पप्पा, आज तुम्ही कुठे उभे राहणार? दाराजवळची जागा माझी आहे हं." जेवायला बसूया असं आमच्या घरात म्हणतच नाहीत हो, जेवायला उभे राहूया!

बसायचं कुठे, सांगा! दिवसभर इथे उभा, घरी जाऊन तिथे उभा. घोडासुद्धा उभ्यानं झोपतो म्हणतात, पण घोड्याला चार पाय असतात, साहेब!

मान नका हलवू, कान तुमचाच आहे.

बरं, खुर्च्यांपुरतं असतं तर चाललं असतं. पण ती उलटं करून बघायची खोड! कुठलीही वस्तू हाती आली की आधी बूड. खाली शिक्का आहे का, कारखान्याचं चिन्ह आहे का. या लोकांची जातच तशी, माणसाचा चेहरा नाही बघणार, कपाची पाठ बघतील. एकदा वरच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंनी जेवायला बोलावलं, भाडेकरार वाढवायचा होता, मी जिवाच्या आकांतानं गोड बोलत होतो. बाईंनी ठेवणीतल्या बशा काढल्या, त्यात गरमगरम सूप वाढलं. माझं लक्ष सासऱ्यांकडे. बशीच्या काठावरून बोट फिरवतायत. मी टेबलाखालून पायानं डिवचतोय... म्हणजे नको, बाबा, नको! त्यांनी भरलेली बशी दोन्ही हातांनी उचलली, डोक्याच्या वर धरली आणि खालून वाचायला लागले. इथवर ठीक. थेंबही सांडला नव्हता. मी म्हटलं सुटलो. पण अक्षर बारीक होतं, चष्मा नव्हता, उजेड दुसऱ्या बाजूला... आणि छत्तीस वर्षांची सवय! मनगट आपोआप वळलं! सगळं सूप मालकीणबाईंच्या मांडीवर! त्या किंचाळतायत, आमची ही टॉवेल शोधतेय, आणि हे रिकामी बशी त्यांच्या नाकापुढे धरून सांगतायत, "बाई, भाजलं त्याचं सोडा, तुम्ही फसलात! खाली शिक्काच नाही!"

करार वाढला. बोलावणं पुन्हा आलं नाही.

तर अशात माझा एकच आधार होता. टब! आंघोळीचा नव्हे हो. खुर्चीच ती, पण सासरे तिला टब म्हणायचे. हे दुकान घेतलं ना मी, त्याआधी इथे एक दाताचे डॉक्टर बसायचे. ते जाताना मागच्या बाजूला कचरा टाकून गेले, त्यात ही पडलेली. एकसंध ओतलेली, फायबरची, पिवळट रंगाची, अंड्याचं अर्धं टरफल चार लोखंडी काड्यांवर ठेवावं तशी. एक पाय आखूड, त्याखाली मी पुठ्ठ्याची घडी घातलेली. घरी नेऊन गॅलरीत ठेवली. सासरे आले तेव्हा सगळ्या घराला फिती बांधत बांधत गॅलरीत पोचले, टबाकडे बघितलं, नाक मुरडलं, "हे काय? दवाखान्यात थुंकायला ठेवतात तसलं?" आणि फीत न बांधता परत गेले!

तुम्हाला सांगतो, त्या दिवसासारखा अपमान मला आयुष्यात गोड लागला नाही.

रोज संध्याकाळी दुकान बंद करून घरी गेलो की गॅलरीत जायचं आणि टबात बसायचं. आहाहा! बूड असं सरकत खाली जायचं आणि बरोब्बर जागेवर थांबायचं. पाठ म्हणायची, आलास? समोर भिंत, भिंतीवर पाण्याचा नळ, नळाचं टपटप. ही येऊन दाराला टेकून उभी राहायची, दोन गोष्टी बोलायची. मी म्हणायचो, बस ना तू घटकाभर. ती म्हणायची, "नको, एकदा बसलात की परत उठवत नाही तुम्हाला." सहा वर्षं, साहेब! डॉक्टरांनी कागद आत्ता दिला, मी औषध सहा वर्षं घेत होतो. तेवढ्यावर उभा होतो!

आणि तेही... बसायचं कुठे, सांगा आता!

फवारा मारतो, डोळे मिटा.

झालं काय, सासऱ्यांनी लिलाव करणाऱ्या एका कंपनीला पत्र लिहिलं. आमचा संग्रह येऊन बघा म्हणून. एक नाही, आठ पत्रं. नवव्याला त्यांची एक पारखी बाई आली, बहुतेक पत्रं थांबावीत म्हणून. सासऱ्यांनी आदल्या दिवसापासून जेवण सोडलेलं, मिशी माझ्याकडून दोनदा कापून घेतलेली. मला म्हणाले, "जावईबापू, उद्या कळेल लोकांना, मी आयुष्यात काय गोळा केलंय ते." आणि मी? मी मनातल्या मनात नाचत होतो! का सांगू? बाई म्हणाल्या की सामान खरं आहे, तर ते लिलावात जाणार, सोफा परत येणार. बाई म्हणाल्या खोटं आहे, तर फिती सुटणार, अकरा खुर्च्या मोकळ्या! छापा पडो की काटा, बसणार मीच!

बाई आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, हातात पांढरे मोजे, गळ्यात भिंग. स्वभावानं गरीब, बोलणं कमी. वस्तू उचलायची, उलटी करायची, म्हणायचं, "हं." बस्स. सासरे प्रत्येक 'हं'चा अर्थ आम्हाला समजावतायत. "ऐकलंत? हा 'हं' फार वरचा होता." तासभर 'हं'. शेवटी सासऱ्यांनीच विचारलं, "मग? मधली फुलदाणी कशी वाटली? राजघराण्यातली आहे."

बाईंनी मोजा काढला. नखानं बुडाचा शिक्का खरवडला. शिक्का नखात आला!

"फुलदाणी चांगली आहे," बाई हळूच म्हणाल्या. "फुलं ठेवा तिच्यात."

मग वाघाच्या पंजाची खुर्ची. सासरे म्हणतात, "ही भोकं बघा, किड्यांनी पाडलेली. दीडशे वर्षांचा किडा!" बाईंनी एक टाचणी घेतली, भोकात घातली, ती सरळ आरपार गेली. "काका, किडा वाकडातिकडा जातो. एवढ्या सरळ रेषेत फक्त ड्रिल जातं." आमची मुलगी खिडकीतून म्हणते, "आजोबा, म्हणजे दीडशे वर्षांचं ड्रिल?" हिनं तिला डोळे वटारले.

मला आतून उकळ्या फुटतायत! एक खुर्ची सुटली... दुसरी सुटली... झुलती सुटली... भांडलेली नवराबायको सुटली! आज रात्री कुठल्या खुर्चीवर जेवायचं हे मी ठरवतोय! आणि मग बाईंनी काचेचे पेले उजेडात धरले. सासरे म्हणाले, "बुडबुडे आहेत ना त्यात? ते तर मला कळतात. छत्तीस वर्षं मी दुसरं काही बघितलेलं नाही."

बाई म्हणाल्या, "बुडबुडे आहेत, काका. पण सगळे एकाच आकाराचे आहेत. आजकाल मुद्दाम घालतात, जुनं दिसावं म्हणून. नदीपलीकडे बाटल्यांचा कारखाना होता ना, तो बंद पडायच्या आधी हेच काढायचा."

सासरे म्हणाले, "आमचाच."

एवढंच. "आमचाच." आणि साहेब, तो माणूस वाघाच्या पंजाच्या खुर्चीवर बसला. फितीसकट. फीत ताणली गेली आणि फट्‌कन तुटली. सहा वर्षांत त्या खुर्चीवर पहिल्यांदा कुणीतरी बसलं आणि कुणी ओरडलं नाही, उठा. कुणी म्हणजे, ओरडणारे तेच होते ना.

मला वाटलं होतं मी टाळ्या पिटीन. कसल्या टाळ्या! इतका लहान दिसायला लागला हो म्हातारा त्या खुर्चीत. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. हिच्याकडे बघवेना. आता अशा वेळी माणसानं काय करावं? गप्प उभं राहावं की नाही, सवय आहेच! पण मला काहीतरी करायचं होतं. बघतो तर बाई बिचाऱ्या पाय बदलत उभ्या, एकदा हा, एकदा तो, मला तर उभ्या माणसाचं दुखणं कपड्यांआडूनही कळतं. म्हटलं, अहो बाई, थांबा, तासभर उभ्या आहात, तुम्हाला खुर्ची देतो! आणि गेलो गॅलरीत, आणला टब, ठेवला त्यांच्यापुढे.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! आयुष्यात पहिल्यांदा मी माझी खुर्ची दुसऱ्याला दिली! साधी माणुसकी हो! आता शहाण्या माणसाला खुर्ची दिली तर तो काय करतो? बसतो. पण ही पारखी माणसं! बाईंनी टबाकडे बघितलं, चष्मा सारखा केला... आणि बसायच्या ऐवजी खुर्चीच उलटी केली! पुठ्ठ्याची घडी उडून पडली. बाई गुडघ्यांवर. भिंग काढलं. आणि साहेब, पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'हं' आला नाही.

"अगंबाई!" आला.

खाली चिन्ह होतं. ओतलेलं, नखानं न निघणारं. कुणी मोठ्या कारागिरानं साठ-सत्तर वर्षांपूर्वी केलेली, म्हणाल्या, जुनी नाही, आधुनिक, पण अशा थोड्याच उरल्यात. आणि लोक काय करतात, रंग मारतात, पॉलिश करतात, सत्यानाश करतात. "हिला कुणी हात लावलेला नाही. आणि ही झीज बघा!" बाईंनी खोलगट भागावरून बोट फिरवलं. "ही बैठकीची झीज! रोज, एकाच माणसानं, एकाच पद्धतीनं, प्रेमानं बसून आलेली. ही खोटी करता येत नाही."

प्रेमानं! अहो, माझ्या बुडाची तारीफ चालली होती, चारचौघांत, भिंग लावून! कुठे बघावं कळेना!

आणि मग त्या म्हणाल्या, "यापुढे मात्र हिच्यावर कुणी बसायचं नाही हं."

ऐकलंत? मी बसलो म्हणून ती मोलाची झाली, आणि मोलाची झाली म्हणून मी बसायचं नाही! हा कुठला न्याय? झाड लावलं मी, पाणी घातलं मी, आणि सावली पडल्यावर म्हणे, जरा उन्हात सरका!

पण खरी गोम पुढेच आहे. बाईंनी विचारलं, "कुणी ओळखली ही?" सासरे खाली मान घालून तुटलेली फीत बोटाला गुंडाळतायत. मुलगी तोंड उघडतेय, "पप्पां..." आणि माझी जीभ बघा! सत्तावीस वर्षं गिऱ्हाइकांना थापा मारून मारून तिला वळणच पडलंय! म्हटलं, "यांनी! आमच्या सासऱ्यांनी. पहिल्याच दिवशी ओळखली. मला म्हणाले, जावईबापू, हिच्यावर रोज बसा, सहा वर्षं, मध्ये खाडा करू नका, झीज आली पाहिजे. फीतसुद्धा बांधली नाही मुद्दाम!"

सासऱ्यांनी वर बघितलं. माझ्याकडे. अगदी तसंच, खिडकीपाशी उभं केलं होतं तेव्हासारखं. मला वाटलं, आता म्हणतील, हा थापाड्या आहे, बुडबुडा आहे.

आणि तुम्हाला सांगतो, पाच मिनिटं! जेमतेम पाच मिनिटं लागली, म्हाताऱ्याचा त्यावर विश्वास बसायला! आधी खाकरले. मग म्हणाले, "झिजेसाठी माणूससुद्धा पारखून घ्यावा लागतो, बाई. वजन बघून." दहाव्या मिनिटाला उभे! पंधराव्या मिनिटाला बाईंना सांगतायत की असा जावई मिळावा म्हणून त्यांनी तीन स्थळं नाकारली होती!

बाई म्हणाल्या, विकायची असेल तर कळवा. सासरे म्हणाले, "विकायची? जावयाची बैठक मी विकू?" काय अभिमान! मी म्हटलं, बाबा, मग मला शेवटचं एकदा, फक्त एकदा... तर माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाले, "झीज पुरेशी झालीय, जावईबापू. आता जास्त केलीत तर खड्डा पडेल."

नवी फीत आणली. रुंद, रेशमी. टब आता दिवाणखान्यात आहे, उंच चौरंगावर. पाहुणे येतात, उभ्यानं बघतात. आणि मला बाजूला उभं करतात. "ही ती खुर्ची, आणि हे ते जावई." एकानं मला वळायला सांगितलं, साहेब!

तुम्ही म्हणाल, टब गेला तर गेला, त्या बाकीच्या अकरा? त्या तर खोट्या ठरल्या ना? बसा की त्यांच्यावर! मीही तेच म्हटलं! गेलो दुसऱ्या दिवशी, फीत सोडायला हात घातला...

"उठाऽऽऽ!"

म्हटलं, बाबा, या खोट्या आहेत! "खोट्या आहेत म्हणूनच!" डोळे चमकतायत. "फसवतात कसं, हे शिकायला एवढा पूर्ण संच जगात कुणाकडे असेल? ड्रिलची भोकं, खोटे शिक्के, घातलेले बुडबुडे! विद्यार्थी येतील बघायला!" आता? माझ्या मनात होतं काय, छापा पडो की काटा. नाणं काठावर उभं राहिलं, साहेब. तेही उभंच! बसायचं कुठे, सांगा!

...नाही, रागावलो नाही मी. खरं सांगू? त्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत गेलो, रिकाम्या गॅलरीत, आणि नळाकडे बघत उभा होतो. सासरे आले. शेजारी उभे राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, तुमच्यात बुडबुडा आहे, हे मी पहिल्या दिवशीच बघितलं होतं." म्हटलं, हो, माहीत आहे. म्हणाले, "मला तेव्हा कळलं नव्हतं... साच्यातला नाही तो. फुंकलेला आहे."

आणि आत गेले.

मी मटकन खाली बसणारच होतो. पण कशावर?

झालं बघा तुमचं. आरसा बघा. मागून? मागूनही चांगलं दिसतंय. उठा सावकाश... हात टेकून नका उठू हो, हळू! नाही, त्याचं असं आहे, काल सासरे आले होते इथे, मिशी करायला. मिशी झाली तरी उठेनात. बघतो तर खाली वाकून पाय ठेवायची ती लोखंडी पट्टी रुमालानं पुसतायत. मग चक्क जमिनीवर आडवे झाले, केसांच्या ढिगात, आणि खुर्चीखाली डोकं घातलं. म्हटलं, बाबा, नका! खालून आवाज आला, "जावईबापूऽ... ओतीव अक्षरं आहेत!"

म्हणजे या खुर्चीत बसलेले शेवटचे गिऱ्हाईक तुम्ही. बाकावरच्या मंडळींनी वाईट वाटून घेऊ नका, उद्यापासून सगळ्यांची कटिंग उभ्यानंच करणार आहे, डॉक्टरांना गंमत म्हणून सांगितलं होतं ते खरं झालं, आता फक्त सायकल आणायची राहिली. बाक? बाकावर बसा तुम्ही खुशाल, तो अजून उलटा करून बघायचाय.

आणि साहेब, चाललाच आहात तर या फितीचं ते टोक जरा धरता का? मला एकट्याला गाठ बसत नाही.